राजकुंवरबाईंची झोप

लाडकुंवरनं ट्रंकेचं झाकण उचललं, पतासीचा धुवट घागरा काढायला आत हात घातला आणि हाताला भलतंच काही लागलं. मऊ, गार, कडेला खरखरीत. ओढून बाहेर काढलं तर केशरी रेशमाची ओढणी. काठाला चार बोटं रुंद जरीचा गोटा. तिच्याखाली घडीही न मोडलेला घागरा, दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. ट्रंक तिनं स्वतः भरली होती, काल दुपारी जळगावला. दशम्यांचा डबा, सासूची आसनं, उकळलेल्या पाण्याच्या झारीला गुंडाळायचं फडकं, सगळं तिला पाठ होतं. ही ओढणी तिनं ठेवलेली नव्हती.

"सासूजी, हे कुणी ठेवलं?"

राजकुंवरबाई पाचोऱ्याला लेकीच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात माळ, डोळे मिटलेले. त्या जप करताहेत की झोपल्या आहेत, हे घरात कुणालाच कधी सांगता आलं नव्हतं.

"दलीनं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "धुळ्याला घालायचं आहे पोरीला."

"धुळ्याला तर आपण महाराजांच्या दर्शनाला चाललोय."

"दर्शन सकाळी. जेवायला मग चौथ्या गल्लीत, कापसाच्या जिनवाल्यांकडे."

लाडकुंवरनं ओढणीची घडी घातली. नीट बसेना, म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. जिनवाल्यांचा थोरला मुलगा कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षांचा होता. बायको गेल्या दिवाळीत गेली, पहिल्याच बाळंतपणात, पंधराव्या वर्षी. तेव्हा जळगावच्या घरात सगळ्यांनी हळहळ केली होती आणि सगळ्यांत जास्त तिचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ दलिचंद, यांनीच केली होती.

दलिचंदांनी घरात ही सहल जाहीर केली ती मोठ्या प्रेमानं. दुकान मुनीम सांभाळील, म्हणाले. दोन दिवस पाचोऱ्याला बहिणीकडे, सुंदरबाईकडे राहू, तिच्या केसरचं लग्न झालं आहे, लाडू खाऊ, मग धुळ्याला दर्शन करू आणि परत येताना पुन्हा पाचोरा. लाडकुंवर हरखून गेली होती. लग्न होऊन आल्यापासून ती माहेर सोडून कुठं गेली होती? धुळं कसं असतं, पांझरा नदी केवढी असते, हे ती पतासीला दोन दिवस न पाहताच सांगत सुटली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्या वर्षी सगळ्या खानदेशात लग्नांची नुसती झुंबड उडाली होती. येत्या एप्रिलपासून चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर सरकार दंड करणार, तुरुंगात घालणार, असा कायदा निघाला होता. लोक त्याला नुसतं चौदाचा कायदा म्हणत. ज्यांनी ज्यांनी मुलींची लग्नं दोन वर्षांनी करायची ठरवली होती, ते सगळे माघातच उरकायला निघाले. भटजींना जेवायला सवड नव्हती, वाजंत्री मिळेनात. दलिचंदांचंही म्हणणं तेच. घोड्यासारखी मुलगी चौदापर्यंत घरात ठेवायची म्हणजे लोकांना तोंड कसं दाखवायचं?

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पतासी गजगे खेळत होती. समोर केसर बसली होती, सुंदरबाईची मुलगी, नऊ वर्षांची, आठ दिवसांपूर्वी लग्न झालेली. तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्याही वर चुडा भरलेला होता. हात वाकत नव्हता. एकदा तिनं गजगा वर उडवला, झेलायला हात वळवला, चुडा कोपरात रुतला आणि गजगा घरंगळत अंगणात गेला. मग ती नुसती बघत बसली. पतासी दोघींचा डाव एकटीच खेळत होती.

लाडकुंवरला ते बघवेना. तिचं स्वतःचं लग्न अकराव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो तीन दिवस जगला. सोळाव्या वर्षी झाला तो रडलाच नाही. त्यानंतर ही पोर. मुलगी म्हणून पेढे कुठले, बत्तासे वाटले, म्हणून नाव पतासी. पण लाडकुंवरला त्या दिवशी जो आनंद झाला होता, तो पुन्हा कधी झाला नाही, आणि ती पोर जिनवाल्यांच्या घरात पंधराव्या वर्षी मरायला द्यायची नाही, एवढं तिचं मन तिला स्वच्छ सांगत होतं. कसं द्यायची नाही, ते मात्र ते सांगत नव्हतं.

नवरा विहिरीपाशी दात घासत होता. भिकमचंद म्हणजे अगदी भला माणूस. उभ्या जन्मात त्यानं कुणाला दुखवलं नव्हतं, आणि त्यासाठी लागेल तेवढं गप्प बसायची त्याची तयारी होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

भिकमचंदांनी कडुनिंबाची काडी तोंडातून काढली.

"भाईजी म्हणाले, नुसतं पाहायचं आहे."

"नुसतं पाहायला चार बोटं गोटा लागतो?"

"भाईजी मोठे आहेत, लाड."

"आणि मी आई आहे."

"ते तर आहेच," भिकमचंद म्हणाले, आणि त्यांनी काडी पुन्हा तोंडात घातली.

भाईजींना सांगायचं तर लाडकुंवरनं सांगायचं कसं? जेठासमोर सून घुंगट वर करत नाही, आणि जेठाशी सून बोलत नाही. दलिचंदांनी इतक्या वर्षांत तिचा आवाजही ऐकला नव्हता. आपल्या घरात मुकी बाई आहे असं त्यांना वाटत असतं, तरी काही अडलं नसतं. तिला काही सांगायचं झालं की ते पतासीला सांगत, पतासी जवळ नसली की मांजराला सांगत, आणि मांजरही नसलं की भिंतीला.

सुंदरबाईनं त्या दुपारी पानावर बुंदीचे लाडू वाढले. राजकुंवरबाईंनी दोन खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हणाल्या, तेही अगदी अर्ध्या मनानं.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावला गाडी बदलायची होती. धुळ्याची गाडी लागलेलीच होती.

"पतासी, तुझ्या आईला म्हणावं, आधी झारी चढव, मग ट्रंक," दलिचंद म्हणाले. लाडकुंवर त्यांच्यापासून हातभरावर उभी होती.

"बाई, आधी झारी," पतासीनं सांगितलं. आईला ती बाईच म्हणे.

डब्यात समोरच्या बाकावर एक शेतकरीण बोरांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. भागाबाई तिचं नाव. शिरूडला उतरणार होती आणि तोवर गप्प बसायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"बठ्ठा जण कथा चालनात, माय?"

"धुळ्याला. दर्शनाला," राजकुंवरबाई म्हणाल्या.

"हाई आंडेर कोनी शे? गोड शे. लगीन जमनं का इन्हं?"

लाडकुंवरनं मुलीला जवळ ओढलं. दलिचंद खिडकीबाहेर जामद्याचं स्टेशन बघत होते, पण त्यांचे कान डब्यातच होते.

"जमेल, जमेल," राजकुंवरबाई म्हणाल्या. "माझं तर झोपेतच जमलं."

झालं. आता ती गोष्ट निघणार, हे घरच्या सगळ्यांना कळलं. राजकुंवरबाई ती कुणालाही सांगत, आणि सांगताना स्वतःच आधी हसत.

"सहा वर्षांची होते बघा. मुहूर्त पहाटेचा. मला झोप म्हणजे काही आवरेना. सगळ्यांनी हलवलं, तोंडावर पाणी मारलं. छे! शेवटी मामानं कडेवर घेतलं आणि माझे फेरे घातले. सकाळी जाग आली तर म्हणतात, तुझं लग्न झालं. मी म्हटलं, मग माझा लाडू कुठाय?"

"मंग?" भागाबाईनं विचारलं.

"मग काय? लाडू संपले होते!"

भागाबाई टोपली धरून हसली. भिकमचंद हसले, दलिचंदही हसले. पतासी तर लोळायचीच बाकी राहिली. लाडकुंवरनं ही गोष्ट कितीदा तरी ऐकली होती आणि दर वेळी हसली होती. आज तिला हसू आलं नाही, म्हणून तिनं घुंगटाच्या आडून सासूकडे पाहिलं. राजकुंवरबाईंचं तोंड हसत होतं. माळेवरची बोटं मात्र एका मण्यावर थांबली होती. मग गाडीनं शीळ घातली आणि बोटं पुन्हा चालू लागली.

शिरूडला भागाबाई उतरली. जाताना पतासीच्या ओंजळीत बोरं देऊन गेली.

धुळ्यात उतरायची सोय धर्मशाळेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पतासीला केशरी घागरा घातला, ओढणी डोक्यावरून घेतली. पोर खूश होती, दर चार पावलांवर गोल फिरून घागरा फुलवून बघत होती. जैन साधूंच्या मुक्कामाच्या जागी, स्थानकात, पोचले तेव्हा सभा भरली होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, समोर पाटावर पांढऱ्या वस्त्रांतले महाराज, तोंडावर कापडी मुहपत्ती बांधलेली. बायकांच्या पुढच्याच रांगेत जिनवालीण बसली होती, हिऱ्याची चमकी घातलेली. तिनं पतासीला शेजारी बसवून घेतलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, हसवून दात पाहिले. बैल घेतानाही लोक याहून थोडा आडपडदा ठेवतात. मग ती राजकुंवरबाईंकडे बघून समाधानानं मान हलवती झाली, आणि पतासी सुटका करून घेऊन दादीच्या कुशीत जाऊन बसली.

व्याख्यान सुरू झालं. महाराजांचं वाक्य पुरं झालं की ऐकणाऱ्यांनी 'तहत' म्हणायचं, म्हणजे आपण म्हणता ते खरं, आम्हाला मान्य. राजकुंवरबाईंचं तहत साऱ्या जळगावात प्रसिद्ध होतं. पहिल्या पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर यायची, डोळे मिटायचे, आणि तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी, सगळ्यांच्या आधी, खणखणीत तहत यायचं. एकदा तर महाराज बोलता बोलता नुसते खोकले होते. राजकुंवरबाईंनी त्या खोकल्यालाही तहत म्हटलं होतं. लोक हसायचे. त्यांना सोयरसुतक नव्हतं.

आजही तसंच चाललं होतं. मान छातीवर, तहत वेळेवर.

शेवटी महाराज म्हणाले, "ज्याला काही सोडायचं असेल, त्यानं सोडावं. लहान असो, मोठं असो. सुटलं ते सुटलं."

पच्चक्खाण, म्हणजे काहीतरी सोडण्याचं व्रत, घ्यायची वेळ आली. एकेक जण उठून हात जोडून, रुमालाचा पदर तोंडापुढे धरून, काय सोडणार ते सांगू लागला. उघड्या तोंडानं महाराजांशी बोलायचं नसतं. कुणी चतुर्दशीला हिरवी भाजी सोडली, कुणी दिवसाची बिडी सोडली. रात्रीच्या बिडीबद्दल तो काही बोलला नाही.

दलिचंद उठले. उपरण्याचा शेव तोंडापुढे धरला.

"फणस. जन्मभर."

सभेत खसखस पिकली. खानदेशात फणस कुणी डोळ्यांनी पाहिला होता? महाराजांच्याही डोळ्यांत हसू आलं. "बरं," ते म्हणाले. "ज्याला जे सुटतं ते."

"तहत," राजकुंवरबाई छातीवर मान टाकून म्हणाल्या, आणि आणखी हशा झाला.

फणसामागं कारण होतं आणि ते फक्त घरच्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका सभेत दलिचंद भरीला पडले आणि टरबूज सोडून बसले. टरबूज म्हणजे त्यांचा जीव. तापीच्या पात्रातली टरबुजं गाड्या भरून जळगावला येतात, दुकानाच्या दारात रास पडते, उन्हाळ्यात घरात रोज फोडली जातात. त्या दिवसापासून दलिचंदांनी टरबुजाची फोड ओठाला लावली नव्हती. एकदा तापात वैद्यानं टरबुजाचा रस सांगितला, तर त्यांनी वैद्य बदलला. म्हणून आता ते पच्चक्खाण घेताना फार विचार करून घेत. घेताना लबाडी करत असतील, पण घेतलेलं मोडायचं, हे त्यांच्या स्वप्नातही येत नसे. दुसऱ्याचं मोडवणं तर त्याहून मोठं पाप.

लाडकुंवर घुंगटाच्या आत बसून हे ऐकत होती. फणसावर सगळे हसले तशी तीही हसली. आणि हसता हसता थांबली.

जेठाशी बोलता येत नाही. महाराजांशी बोलता येतं. इथं बोललेलं परत घेता येत नाही, आणि इथं बोललेलं जेठ ऐकतो. तोंडापुढे पदर लागतो, तो तर तिच्या तोंडावर होताच.

ती उभी राहिली. ओढणीची कड तोंडापुढे नीट धरली.

"मलाही सोडायचं आहे."

पुरुषांच्या बाजूला भिकमचंदांनी मान वर केली. हा आवाज त्यांना ओळखीचा होता. दलिचंदांना नव्हता. ते कुण्या धुळेकर बाईचा असेल म्हणून सहज बघायला वळले, आणि बघतच राहिले.

"सांगा, बाई," महाराज म्हणाले.

"चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न असेल, तर त्या लग्नाचं अन्न. आणि पाणी." ती पुढे म्हणाली, "जन्मभर. लग्न कुणाच्याही घरचं असो. माझ्या घरचं असलं तरी."

पुढच्या रांगेत जिनवालीण सावकाश मागं वळली. मुलीची आई लग्नात उपाशी आणि तहानेली बसणार. त्या मांडवात कोणता व्याही पानावर बसेल? आणि बसला, तर त्याला लोक काय म्हणतील? हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

महाराजांनी पुरुषांच्या बाजूला नजर फिरवली.

"मोठं पच्चक्खाण आहे," ते म्हणाले. "घरच्या वडीलधाऱ्यांची आज्ञा आहे?"

दलिचंद अर्धे उठलेच. आज्ञा नाही, हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते. पण तोंडापुढे कापड हवं. त्यांनी उपरणं ओढलं, तर ते मांडीखाली अडकलेलं. त्यांनी एक गुडघा उचलला, उपरण्याला हिसका दिला. शेव हातात आला, तोंडाकडे गेला.

"तहत," राजकुंवरबाई म्हणाल्या.

मान छातीवर, डोळे मिटलेले. खणखणीत. आणि सवयीनं सगळ्या बायका म्हणाल्या, तहत. पाठोपाठ, सवयीनंच, अर्धे पुरुषही म्हणाले.

घरात राजकुंवरबाईंहून वडील कुणी नव्हतं. महाराजांनी पाठ म्हटला, लाडकुंवरनं शेवटचा शब्द म्हटला, वोसिरामि, मी सोडलं, आणि ती खाली बसली. दलिचंद उपरण्याचा शेव तोंडापुढे धरून तसेच अवघडून उभे होते. मग तेही बसले.

जिनवाल्यांकडचं जेवण झालं, कारण ठरलेलं जेवण मोडता येत नाही. पाहुणचारात काही कमी नव्हतं. चार भाज्या होत्या, आग्रह होता, बोलणं मात्र हवापाण्यापलीकडे गेलं नाही. निघताना जिनवालीण राजकुंवरबाईंना म्हणाली, "पोर गोड आहे तुमची. पण आमच्या मुलाला चार वर्षं थांबायला सवड नाही." तो मुलगा दाराशी उभा होता, कृश, खांदे पाडून. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. लाडकुंवरला त्याची थोडी दया आली, तेवढीच.

धर्मशाळेच्या पायरीवर दलिचंदांनी आईला गाठलं. लाडकुंवर आत ट्रंक भरत होती. तिला ऐकू जावं एवढा त्यांचा आवाज होताच.

"माँ, काय केलंत हे?"

"काय केलं?"

"महाराज आज्ञा विचारत होते. तुम्ही तहत म्हणालात!"

"म्हणाले का?" राजकुंवरबाईंनी जांभई दिली. "डोळा लागला होता रे. सवयीनं निघालं असेल तोंडातून."

"आता काय करायचं?"

"मला काय विचारतोस? तू टरबूज सोडलंस तेव्हा मी विचारलं होतं का?"

परतीच्या गाडीत दलिचंद चाळीसगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. रागावले होते म्हणावं तर त्यांनी आपल्या हातानं झारी चढवली. पच्चक्खाण घेतलेल्या माणसाची सेवा करायची असते, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं, आणि तिथंच त्यांचा सगळा घोटाळा झाला होता.

भिकमचंद गर्दीत बायकोच्या जवळ सरकले.

"लाड, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली."

त्यांनी मान हलवली. मग कुणी बघत नाही असं पाहून झारीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं घुंगटाआड ते सगळं पिऊन टाकलं.

पाचोऱ्याला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून सुंदरबाईनं पानं मांडलीच होती. धुळ्याची बातमी तिच्यापर्यंत आली नव्हती. तिनं मोठ्या हौसेनं डबा उघडला आणि प्रत्येकाच्या पानावर केसरच्या लग्नातले लाडू ठेवत आली.

लाडकुंवरनं पानावर हात आडवा धरला.

"का गं, वहिनी? काल परवा तर खाल्लास."

दलिचंद आपल्या पानाकडे बघत होते. लाडकुंवरनं घुंगट आणखी पुढे ओढला. सुंदरबाईला काय सांगायचं? तुझ्या लेकीच्या लग्नाचं अन्न मी सोडलं, हे तिच्याच घरात, तिच्याच पाटावर बसून, कसं म्हणायचं? धुळ्याच्या भरल्या सभेत बोलणं सोपं होतं.

"तिला भाकरी वाढ," राजकुंवरबाई म्हणाल्या. "मेथीची भाजी असेल तर ती दे. आणि मलाही भाकरीच दे."

"तुम्हालाही? माँ, तुम्हाला तर..."

"दात दुखतात. लाडू चावत नाही."

"परवा दोन चावले की!"

"परवा दुखत नव्हते."

त्यांनी आपल्या पानावरचा लाडू उचलून डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि डबा बाजूला सरकवला. सुंदरबाई आईकडे बघत राहिली. मग भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. शेवटी तिची नजर खांबाला टेकून बसलेल्या केसरकडे गेली. पोर मांडीवर दोन्ही हात सरळ ताणून बसली होती. सुंदरबाई उठली आणि भाकरी आणायला आत गेली.

दलिचंदांनी लाडू अर्धा मोडला होता. तो त्यांनी खाल्ला की नाही, हे कुणी पाहिलं नाही.

जेवणं आटोपल्यावर राजकुंवरबाई ओसरीवर आपल्या भिंतीला टेकल्या. माळ हातात घेतली, डोळे मिटले. लाडकुंवर शेजारी बसून पतासीची वेणी सोडत होती. केशरी घागरा केव्हाच ट्रंकेच्या तळाशी गेला होता. पोर मान तिरकी करून दादीकडे बघत होती. स्थानकात ती दादीच्या कुशीतच होती.

"दादीसा," ती म्हणाली. "बाई उभी राहिली तेव्हा तुम्ही माझा हात किती जोरात दाबलात! अजून दुखतोय."

लाडकुंवरचा हात वेणीतच थांबला.

"हो का?" राजकुंवरबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही खरंच झोपला होतात?"

राजकुंवरबाईंनी डोळे उघडले नाहीत. एक मणी पुढे ओढला, मग दुसरा.

"झोपले होते की," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची असताना."